फ्लोअरस्टँडिंग स्पीकर निवडताना : आधी खोली, मग कान, शेवटी किंमत

ध्वनिसामग्रीच्या दालनात तीन-साडेतीन फूट उंचीच्या दोन पेट्या दिमाखात उभ्या असतात. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना पडदे, खोलीही ऐसपैस. विक्रेता एखादी निवडक ध्वनिमुद्रिका लावतो आणि डग्ग्याचा घुमारा थेट छातीत उतरतो. ग्राहक भारावून जातो, सौदा ठरतो. आठवडाभराने त्याच पेट्या घरच्या दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात येतात. एक दाराआडच्या कोपऱ्यात, दुसरी टीव्हीच्या कपाटाला खेटून. आता तोच डग्गा नुसता घुमत राहतो, गायकाचे शब्द पुसट होतात आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची तक्रार तेवढी स्पष्ट ऐकू येते. पेट्या त्याच असतात, बदललेली असते ती खोली.

जमिनीवर थेट उभे राहणारे, म्हणजेच फ्लोअरस्टँडिंग किंवा 'टॉवर' स्पीकर हे अनेक संगीतप्रेमींचे जुने स्वप्न असते. त्यासाठी काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत रक्कम मोजावी लागते आणि ही खरेदी बहुधा दहा-पंधरा वर्षांतून एकदाच होते. तथापि बहुतेक ग्राहक ती किंमत, कंपनीचे नाव आणि माहितीपत्रकावरील वॅटचे आकडे या क्रमाने करतात. ध्वनिशास्त्र नेमका उलटा क्रम सुचवते. आधी खोली, मग कान आणि शेवटी किंमत.

उंच पेटीत असते काय?

विद्युतसंकेताने कंप पावणाऱ्या कॉइलला कागदी शंकू जोडून ध्वनी निर्माण करण्याची आजची पद्धत मूलतः शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये तिचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आजच्या स्पीकरमधील शंकू कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीन, विणलेले धागे किंवा अॅल्युमिनियमचा असू शकतो. तत्त्व मात्र तेच आहे.

एकच शंकू सर्व स्वर सारख्या क्षमतेने वाजवू शकत नाही. खर्जाच्या स्वरांसाठी भरपूर हवा हलवावी लागते, त्यासाठी मोठा वूफर लागतो. तार स्वरांसाठी अतिशय हलका आणि लहान ट्वीटर लागतो. मोठ्या रचनेत या दोहोंमध्ये मानवी आवाजाचा पट्टा सांभाळणारा मिडरेंज असतो. कोणता स्वर कोणाकडे जावा याची वाटणी 'क्रॉसओव्हर' नावाचे विद्युतमंडल करते. दोन वाटे असतील तर टू-वे, तीन असतील तर थ्री-वे. काही उंच पेट्यांत दोन सारखे शंकू असतात. दोन्ही खर्ज वाजवतात, पण मधले स्वर त्यांपैकी एकच वाजवतो. या रचनेला अडीच-वे म्हणतात.

मग पेटी उंच कशासाठी? याचे उत्तर 'हॉफमनचा नियम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वात आहे. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अँटन हॉफमन यांनी १९६० च्या दशकात तो मांडला. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी एका वेळी दोनच साधता येतात, तिसरीवर पाणी सोडावे लागते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्चच्या 'एआर-१' या बंद पेटीच्या स्पीकरमधून लहान आकारात खोल खर्ज काढून दाखवला. त्याची किंमत अॅम्प्लिफायरच्या वाढीव शक्तीत मोजावी लागली. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या संशोधनामुळे पोर्ट म्हणजे हवेसाठी भोक असलेल्या पेटीचे गणित पक्के झाले. टॉवर स्पीकर जागेच्या बाबतीत तडजोड करतो. जमिनीवर तो स्टँडवरच्या लहान स्पीकरइतकीच जागा अडवतो, पण पेटीचे आकारमान कितीतरी अधिक मिळते. हा त्याचा खरा लाभ.

उंची म्हणजे आपोआप दर्जा, असे मात्र मानू नये. समान किमतीच्या लहान आणि उंच स्पीकरची तुलना केल्यास उंच स्पीकरमधील पैसा मोठी पेटी आणि जादा शंकू यांत विभागला जातो. स्वस्तातल्या उंच पेटीपेक्षा त्याच किमतीच्या लहान पेटीतील ट्वीटर, क्रॉसओव्हर आणि पेटीचा भक्कमपणा सरस असणे अगदी शक्य असते. ब्रिटनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून विकसित केलेला 'एलएस ३/५ए' हा चपलांच्या खोक्याएवढा स्पीकर मानवी आवाजाच्या नैसर्गिकतेसाठी आजही आदर्श मानला जातो.

खोलीचे गणित

ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे सुमारे ११३० फूट असतो. त्यामुळे २० हजार हर्ट्झच्या तार स्वराची तरंगलांबी पावणेदोन सेंटिमीटरही भरत नाही, तर ४० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या पुढे जाते. शहरी दिवाणखाना या लाटेहून लहान असतो. परिणामी खर्जाच्या लाटा समोरासमोरच्या भिंतींत अडकतात, काही ठरावीक स्वर अवाजवी फुगतात आणि काही जवळपास नाहीसे होतात.

हे स्वर कोणते, ते घरबसल्या काढता येते. ५६५ या संख्येला खोलीच्या फुटांतील लांबीने भागावे. १२ फूट लांबीसाठी उत्तर येते सुमारे ४७ हर्ट्झ, १० फूट रुंदीसाठी ५६.५ आणि साडेनऊ फूट उंचीच्या छतासाठी ५९.५ हर्ट्झ. शेवटची दोन उत्तरे इतकी जवळ आहेत की त्या पट्ट्यातील स्वर दुप्पट घुमणार. लांबी, रुंदी आणि उंची सारखी किंवा एकमेकींच्या पटीत असलेली खोली म्हणूनच सर्वांत अडचणीची. बास गिटारचा एखादा स्वर गर्जावा आणि शेजारचा गप्प व्हावा, यात दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसून या गणिताचा असतो.

येथे एक प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. ऐकायचे आहे तरी काय? काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर वाजते. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास, तर पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झवर असते. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, भावगीत हाच मुख्य आहार असेल तर ५० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे पोहोचणारा स्पीकर पुरेसा होतो. चित्रपटांतील स्फोट, इलेक्ट्रॉनिक संगीत किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणाऱ्याला त्याखालच्या खर्जाची गरज भासते. न लागणारा खोल खर्ज लहान खोलीत आणणे म्हणजे पैसे देऊन घुमण्याची व्याधी विकत घेणे होय.

ढोबळ मानाने १२० चौरस फुटांच्या आतील खोलीत लहान स्पीकर आणि चांगले स्टँड हा शहाणपणाचा पर्याय ठरतो. दीडशे ते अडीचशे चौरस फुटांच्या दिवाणखान्यात पाच किंवा साडेसहा इंची वूफर असलेले सडपातळ टॉवर शोभतात. आठ इंच वा त्याहून मोठे वूफर असलेल्या पेट्यांना त्यापेक्षा मोठी जागा आणि मागे मोकळी हवा लागते. हा काटेकोर नियम नाही. खोली बंद आहे की जेवणघराशी जोडलेली, यावरही बरेच अवलंबून असते. एक बाजू उघडी असली की खर्जाचा दाब कमी होतो.

बैठकीचे अंतरही पाहावे. उंच पेटीत शंकू एकाखाली एक बसवलेले असतात. त्यांचे स्वर एकजीव होऊन कानावर यायला साधारण दोन ते अडीच मीटरचे अंतर लागते. याहून जवळ बसावे लागत असेल तर आवाज वरून एक, खालून दुसरा असा फाटल्यासारखा वाटतो.

माहितीपत्रक कसे वाचावे?

माहितीपत्रकावरील आकडे खोटे नसतात, पण अर्धेच सांगितलेले असतात. चार आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिला, स्वरांची व्याप्ती. '३५ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ' एवढेच छापलेले असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. त्यापुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' अशी मर्यादा दिलेली हवी. काही उत्पादक ६, तर काही १० डेसिबल घसरण झालेला बिंदू छापतात. १० डेसिबल घट म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा झाल्याचा भास. दोन स्पीकरची तुलना करताना मर्यादा एकच आहे ना, हे तपासावे.

दुसरा, सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक विजेवर एक मीटर अंतरावर किती आवाज मिळतो तो आकडा. घरगुती स्पीकरमध्ये तो साधारण ८४ ते ९२ डेसिबलदरम्यान असतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अॅम्प्लिफायरची दुप्पट शक्ती. ९१ डेसिबलच्या स्पीकरला जे काम २५ वॅटमध्ये जमते त्यासाठी ८५ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतात. येथे एक मेख आहे. हे मापन बहुधा २.८३ व्होल्टवर केले जाते. ८ ओहमच्या स्पीकरसाठी तो एक वॅट होतो, ४ ओहमसाठी दोन. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा तीन डेसिबलने आपोआप फुगलेला दिसतो.

तिसरा, इम्पिडन्स. छापलेला आकडा सरासरी स्वरूपाचा असतो. प्रत्यक्षात तो प्रत्येक स्वराला बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान मूल्य छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ च्या खाली उतरू नये. व्यवहारात '८ ओहम' म्हणवणारे अनेक टॉवर चारच्या जवळ उतरतात. म्हणून 'किमान इम्पिडन्स' ही वेगळी नोंद शोधावी आणि आपला अॅम्प्लिफायर ४ ओहमचा भार पेलतो का, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे.

चौथा, वॅट. ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल याच आकड्याने होते. '२०० वॅट' हा स्पीकरच्या ताकदीचा आकडा नसून तो किती भार सोसू शकतो याची मर्यादा आहे. घरात नेहमीच्या आवाजात गाणे ऐकताना सरासरी काही वॅटच खर्च होतात; जादा शक्ती लागते ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी. किंबहुना स्पीकर जळतात ते अनेकदा लहान अॅम्प्लिफायर क्षमतेपलीकडे ताणल्यामुळे. ताणलेल्या अॅम्प्लिफायरमधून निघणारा विकृत संकेत नाजूक ट्वीटरला मारक ठरतो. आवाज कर्कश होऊ लागला की बटण मागे फिरवणे, हाच उत्तम विमा.

स्पीकर आवाज समोर कसा फेकतो, याइतकेच तो बाजूंना कसा फेकतो हेही महत्त्वाचे आहे, कारण घरात कानावर येणाऱ्या ध्वनीचा मोठा भाग भिंतींवरून परतलेला असतो. त्यासाठी अमेरिकेत २०१३ मध्ये एक मापनमानक प्रसिद्ध झाले. त्यात स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या दिशेने दर दहा अंशांवर, एकूण ७० मापने घेतली जातात. काही उत्पादक आणि स्वतंत्र परीक्षक हे आलेख आता खुले करतात. समोरची रेषा शक्य तितकी सपाट आणि बाजूंची रेषा हळूवार, खड्डे-उंचवट्यांविना उतरणारी असावी, एवढे पाहता आले तरी सामान्य ग्राहकाचे काम भागते.

डोळे मिटून ऐका

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये डॉ. फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून दीर्घकाळ श्रवणचाचण्या घेतल्या. त्यातून पुढे आलेला निष्कर्ष दिलासा देणारा आहे. नाव, किंमत आणि आकार दिसत नसेल तेव्हा वेगवेगळ्या आवडींचे श्रोते बऱ्याच अंशी त्याच त्या स्पीकरना पसंती देतात, आणि ते स्पीकर मापनातही समतोल असतात. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दुसरी बाजू दाखवली. तेच श्रोते, तेच स्पीकर. पण पडदा दूर होताच गुण बदलले. मोठ्या, भारी दिसणाऱ्या पेट्यांचे गुण वाढले आणि पडद्याआड आवडलेल्या लहान, स्वस्त संचाचे घटले. कान डोळ्यांचे ऐकतात, हे मान्य करूनच दुकानाची पायरी चढावी.

दुसरा धोका आवाजाच्या पातळीचा. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात माणसाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की तो भरीव वाटू लागतो. त्यामुळे दोन स्पीकरपैकी किंचित मोठ्याने वाजणारा नेहमीच 'बरा' वाटतो. तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करण्याचा आग्रह धरावा. मोबाइलमधील ध्वनिमापक अॅप काटेकोर नसले तरी दोन आवाजांची बरोबरी साधण्यापुरते उपयोगी पडते. शिवाय रात्री घरी ज्या हळू आवाजात गाणे ऐकले जाते, त्याच पातळीवरही एकदा ऐकावे. मोठ्या आवाजातच खुलणारा स्पीकर सदनिकेत बहुतेक वेळ कोमेजलेलाच राहतो.

विक्रेत्याच्या ध्वनिमुद्रिकेऐवजी वर्षानुवर्षे ऐकलेली, तोंडपाठ असलेली ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. भारतीय संगीत या परीक्षेसाठी फार सोयीचे आहे. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास तबला-मृदंगासारखी चर्मवाद्ये आणि तानपुरा-वीणेसारखी तंतुवाद्ये यांतील उपस्वरांचा अभ्यास करून त्यांचे वेगळेपण दाखवले होते. तानपुऱ्याची जवारी म्हणजे उपस्वरांची अखंड सांखळीच. समतोल स्पीकरवर तानपुरा एकसंध गुंजतो. मधल्या पट्ट्यात दोष असेल तर तो नाकात वाजल्यासारखा किंवा पत्र्यासारखा वाटतो. तबल्याच्या चाटेवरचा बोल टोकदार पण कानाला न टोचणारा असावा. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड वरून खाली सलग उतरावी; मध्येच एखाद्या जागी आवाज फुगला तर तो खोलीचा किंवा पेटीचा दोष. गायिकेच्या आवाजातील 'स', 'श' आणि 'च' ही अक्षरे शिट्टीसारखी टोचू लागली तर ट्वीटर गरजेपेक्षा तिखट आहे, असे समजावे.

एक जुनी मोनो ध्वनिमुद्रिकाही अवश्य ऐकावी. दोन्ही पेट्यांतून तोच संकेत येत असल्याने गायक दोन पेट्यांच्या नेमका मधोमध, बोट दाखवता येईल असा उभा राहिला पाहिजे. तो पसरला किंवा एका बाजूला सरकला तर दोन्ही स्पीकर जुळलेले नाहीत किंवा एकाच्या तारा उलट जोडल्या आहेत. जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यगीते आवडीची असतील तर अतितिखट स्पीकर टाळावा. तो गाण्याआधी खरखर ऐकवतो.

पहिल्या पाच मिनिटांत दिपवणारा स्पीकर तासाभरात थकवतो, असा अनेकांचा अनुभव असतो. म्हणून सलग किमान पाऊण तास ऐकावे. शक्य असल्यास दोन दिवस घरी नेऊन ऐकण्याची सवलत मागावी. ती मिळत नसेल तर बदलून देण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.

घरातील मांडणी

उत्तम स्पीकर चुकीच्या जागी ठेवला तर तो सामान्य ठरतो, आणि सामान्य स्पीकर नीट मांडला तर सुखद आश्चर्य देतो. मांडणीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

दोन पेट्या आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ही सुरुवात. ट्वीटर कानांच्या पातळीवर हवा. खुर्चीत किंवा सोफ्यावर बसणाऱ्याचे कान जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर असतात आणि बहुतेक टॉवर त्याच हिशेबाने बांधलेले असतात. भारतीय बैठकीत, गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्याचे कान मात्र अडीच फुटांच्या आसपास येतात. अशा घरात उंच पेटी घेण्यापूर्वी जमिनीवर बसूनच ऐकावे. आवाज निस्तेज वाटला तर पेटीचे मागचे पाय किंचित उंच करून ती पुढे झुकवता येते, अर्थात ती पडणार नाही एवढ्याच बेताने.

मागची भिंत जितकी जवळ तितका खर्ज वाढतो. कोपऱ्यात तो सर्वाधिक फुगतो. दीड ते तीन फूट अंतर ठेवून पाहावे आणि मागचे व बाजूचे अंतर सारखे ठेवू नये. पोर्ट मागच्या बाजूला असेल तर अंतर अधिक महत्त्वाचे. काही उत्पादक पोर्टमध्ये बसणारा स्पंजाचा बूच देतात. लहान खोलीत तो वापरून पाहायला हरकत नाही. बैठकही मागच्या भिंतीला चिकटलेली नसावी.

लादी, संगमरवर, काचेची खिडकी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत टाळी वाजवली तर झणझणीत प्रतिध्वनी येतो. तार स्वर कर्कश होण्याचे ते कारण. समोर जाड सतरंजी, खिडकीला घट्ट विणीचे पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी बराच फरक पडतो. मात्र सतरंजी खर्जाला आवर घालू शकत नाही. त्यासाठी पेट्यांची आणि बैठकीची जागाच बदलावी लागते.

तारेबद्दल फार चिंता नको. चार-पाच मीटर अंतरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार पुरते. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, एवढी काळजी मात्र दोन्ही पेट्यांत घ्यावी. एक जोडणी उलट झाली की खर्ज नाहीसा होतो.

हवामान, शेजार आणि जुने स्पीकर

कोकणपट्टीतील दमट हवेत शंकूभोवतालची लवचिक कड हा स्पीकरचा कच्चा दुवा ठरतो. फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळू लागते. रबराची कड अधिक काळ टिकते. पेटीचे एमडीएफ पाणी शोषून फुगते. रोज लादी पुसली जाणाऱ्या घरात पेटी जमिनीला टेकलेली नको, तिला पाय किंवा अणकुचीदार स्पाइक हवेत. स्पाइकखाली नाणे किंवा धातूची चकती ठेवली तर लादीवर ओरखडे उठत नाहीत. लहान मुले असलेल्या घरात पेटीचा पाया रुंद आहे का आणि जाळी घट्ट बसते का, हे आवर्जून पाहावे. वीसेक किलोची उंच पेटी कलंडणे ही गंमत नव्हे.

जुने स्पीकर घेताना कड बोटाने हळूच तपासावी आणि शंकू सर्व बाजूंनी सारखा दाबून मागेपुढे करून पाहावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल सरकलेली असते. परदेशातून नातेवाइकांकरवी सामान आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की साध्या स्पीकरला घरातील विजेशी देणेघेणे नसते. पण अॅम्प्लिफायर किंवा अंतर्गत अॅम्प्लिफायर असलेला स्पीकर अमेरिकेतील १२० व्होल्टसाठीच बनवलेला असेल तर तो येथील २३० व्होल्टवर थेट जोडता येत नाही. अधिकृत विक्रेत्याची पावती नसेल तर वॉरंटीही बहुधा लागू होत नाही.

खर्जाच्या लांब लाटा भिंत आणि स्लॅब सहज ओलांडतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. टॉवर घेणाऱ्याने हा शेजारधर्मही हिशेबात धरलेला बरा.

दुकानात जाण्यापूर्वी
* खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि बैठकीचे अंतर मोजून कागदावर लिहावे.
* पेट्या नेमक्या कुठे उभ्या राहतील तेथे वर्तमानपत्र अंथरून जागा निश्चित करावी. दार, कपाट अडत नाही ना, पाहावे.
* अॅम्प्लिफायरचा प्रकार आणि तो किती ओहमचा भार पेलतो, याची नोंद न्यावी.
* परिचयाची चार-पाच ध्वनिमुद्रणे न्यावीत. त्यांत एक मोनो आणि एक निव्वळ तानपुऱ्याचे असावे.
* टॉवरसोबत त्याच किमतीचा लहान स्पीकरही ऐकवण्यास सांगावे.

शेवटी किंमत

खोली आणि कान यांचा कौल मिळाल्यावरच किमतीकडे वळावे. स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि संगीताचा स्रोत यांत सर्वाधिक वाटा स्पीकरला द्यावा, हा सर्वसाधारण संकेत योग्यच आहे, कारण आवाजातील सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो. परंतु त्या वाट्यातून थोडी रक्कम सतरंजी, पडदे आणि गरज पडल्यास स्टँड यांसाठी राखून ठेवावी. खोली लहान आणि खर्जाची भूक मोठी असेल तर लहान स्पीकरच्या जोडीला स्वतंत्र सबवूफर घेता येतो. त्याचा आवाज हवा तसा कमी-अधिक करता येतो आणि तो खोलीत योग्य जागी सरकवताही येतो. उंच पेटीला ही सवलत नसते.

ज्यांच्या घरी जागा आहे आणि मागे मोकळी भिंत आहे, त्यांना चांगले टॉवर स्पीकर अनेक वर्षे समाधान देतात. मैफलीतील तानपुऱ्याचा भरणा आणि डग्ग्याची आस घरात अवतरणे, हा आनंद खराच मोठा आहे. ज्यांची खोली त्याला अनुकूल नाही, त्यांनी लहान पेटी घेण्यात कमीपणा मानू नये. गाणे सुरू झाल्यावर पेट्यांचे अस्तित्व विसरायला लावेल, तोच स्पीकर त्या घराचा.